प्रथिनांशी संवाद आणि कुलाब्यातील श्रोते

आकाशवाणीच्या बीड केंद्राचे कार्यक्रम ज्या एफएम पट्ट्यातून प्रसारित होतात, तो पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे. म्हणजे त्या तरंगातील विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे सेकंदाला सुमारे दहा कोटी वेळा आंदोलित होतात. हे तरंग घरांच्या भिंतींतून जातात तसे माणसांच्या अंगातूनही जातात, आणि अंगातील प्रथिनांना त्यांचा पत्ताही लागत नाही. मात्र त्याच माणसाच्या रक्ताचे चार थेंब काचेच्या नळीत घेऊन २.३५ टेस्ला इतक्या प्रबळ चुंबकाच्या पोकळीत ठेवले, तर त्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे नेमक्या १०० मेगाहर्ट्झच्या तरंगाला दाद देतात. तरंग तोच, रक्त तेच. फरक फक्त चुंबकाचा. पृथ्वी हाही एक चुंबक आहेच, पण फार दुबळा. बीडच्या जमिनीवर त्याच्या प्रभावाखाली हीच अणुकेंद्रे सेकंदाला जेमतेम १८०० फेऱ्यांच्या आसपास डोलत असतात. हा ध्वनी असता तर आपल्या कानांना ऐकू आला असता.

ज्या तरंगापुढे प्रथिन एरवी बहिरे असते, त्याच तरंगाला ते विशिष्ट परिस्थितीत उत्तर देते. गेल्या ऐंशी वर्षांत प्रथिनांशी विद्युच्चुंबकीय तरंगांद्वारे जो संवाद साधला गेला, त्याचा इतिहास या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो. या इतिहासातील एक महत्त्वाचे दालन मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला आहे. मराठी वाचकाला त्याची ओळख फारशी नाही. उलट ‘तरंगांनी शरीर बरे करणाऱ्या’ वस्तूंची ओळख त्याला भरपूर आहे. चुंबकीय गाद्या आणि चुंबकीय पाण्याचे पेले मराठवाड्याच्या गावोगावी साखळी पद्धतीने विकले गेले, ते अजून अनेकांच्या घरात असतील. त्या विक्रेत्यांच्या भाषणांत ‘पेशी’, ‘ऊर्जा’, ‘तरंग’ हे शब्द असत, आणि त्यांचा एकंदर अर्थ असा असे की शरीराला बाहेरून आज्ञा देता येते. खरा इतिहास आज्ञेचा नाही. तो ऐकण्याचा आहे, आणि ऐकणे किती कष्टाचे असते याचा आहे.

आरंभीचा भाग सर्वपरिचित असल्याने तो थोडक्यात सांगतो. इसिडोर राबी यांनी १९३८ साली रेणूंच्या झोतावर रेडिओतरंग सोडून अणुकेंद्रांची चुंबकीय ओढ मोजली. १९४५-४६ च्या हिवाळ्यात एडवर्ड पर्सेल यांच्या गटाने हार्वर्डमध्ये पॅराफिन मेणात, तर फेलिक्स ब्लॉक यांच्या गटाने स्टॅनफर्डमध्ये पाण्यात तोच परिणाम पाहिला. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन असे त्याचे भारदस्त मराठी नाव आहे. प्रयोगशाळांत सगळे एनएमआर म्हणतात. १९५२ चे नोबेल पारितोषिक ब्लॉक आणि पर्सेल यांना विभागून मिळाले.

या मंडळींना प्रथिनांत रस नव्हता. त्यांना अणुकेंद्राचा चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याच्या अंगभूत चुंबकत्वाचे माप, अचूक हवे होते. त्यात एक कटकट उद्भवली. १९५० साली स्टॅनफर्डमध्येच प्रॉक्टर आणि यू यांना अमोनियम नायट्रेटमधील नायट्रोजनने एकाऐवजी दोन संकेत दिले. अणुकेंद्र तेच, तर उत्तर दोन का? कारण एक नायट्रोजन अमोनियमच्या घरात राहत होता आणि दुसरा नायट्रेटच्या. भोवतालचे इलेक्ट्रॉन बाहेरचे चुंबकीय क्षेत्र किंचित झाकतात, आणि घर बदलले की हे झाकणेही बदलते. ज्याला शुद्ध माप हवे त्या भौतिकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा घोळच होता. आपल्याला मिळालेले उत्तर अणुकेंद्राचे नसून त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहे, हे कळल्यावर कोणत्या मोजणाऱ्याला आनंद होईल?

या घोळाचे मोल ज्यांनी दाखवून दिले त्यांच्यात एक भारतीय होते, एस. एस. धर्मट्टी. ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेत गंधकाच्या एका समस्थानिकाच्या चुंबकीय आघूर्णासारखी मोजमापे त्यांनी केली होतीच. १९५१ साली जेम्स आर्नॉल्ड, धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड या तिघांचे एक छोटेसे टिपण ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाचा पदार्थ साधा मद्यार्क होता. मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. त्यांपैकी तीन एका कार्बनवर, दोन दुसऱ्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर असतो. या तिघांनी काढलेल्या आलेखात तीन उंचवटे होते आणि त्यांची क्षेत्रफळे तीनास दोनास एक अशी होती. शाळेत फळ्यावर काढलेले रेणूचे सूत्र जणू पदार्थाने स्वतःच उच्चारून दाखवले.

हे तीन उंचवटे वेगळे दिसण्यासाठी काय लागले, ते समजून घेण्यासारखे आहे. तिन्ही घरांमधील फरक दशलक्षांश भागांत मोजावा एवढा लहान. तेव्हा चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील क्षेत्र नमुन्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याहूनही अधिक एकसारखे असावे लागते. ते तसे नसेल तर तीन उंचवट्यांचा एकच ढेकूळ होतो. म्हणजे रेणू आधीही बोलतच होता, ऐकणाऱ्याचा कान तयार नव्हता. आज रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला मद्यार्काचा हा वर्णपट पहिल्या तासाला दाखवतात. तो काढणाऱ्यांपैकी एकजण पुढे मुंबईत येऊन काम करत होता, हे क्वचितच सांगितले जाते. मराठी विज्ञानलेखनात तर धर्मट्टी हे नाव जवळपास भेटतच नाही. होमी भाभांची चरित्रे आपण लिहिली, इमारतींची वर्णने केली, संग्रहातील चित्रांची केली. त्या इमारतींत कोण काय ऐकत बसले होते, याची नोंद मात्र राहून गेली.

धर्मट्टी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले तो १९५० च्या दशकाचा पूर्वार्ध होता. संस्था त्या वेळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत होती. कुलाब्याच्या आजच्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते व्हायला १९६२ साल उजाडायचे होते. धर्मट्टींनी येथे अनुस्पंदनाचा गट उभा केला. चंद्रकांत कानेकर, चुनीलाल खेत्रपाल, गिरजेश गोविल, आर. विजयराघवन अशी पुढे नावाजलेली मंडळी त्यातून आली. कुलाब्याच्या संदर्भात एक योगायोग आठवतो. याच भागात एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहांनी नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ती अलिबागला हलवण्यात आली. ऐकायचे तर आधी गोंगाटापासून दूर जावे लागते, हे कुलाब्याला त्या आधीच्या पिढीपासून ठाऊक होते. असो.

आता प्रथिनांकडे वळू. मद्यार्कात सहा हायड्रोजन, तर मध्यम आकाराच्या प्रथिनात ते शेकडो. १९५७ साली सॉन्डर्स, विश्निया आणि कर्कवुड यांनी रायबोन्यूक्लिएज या प्रथिनाचा वर्णपट ४० मेगाहर्ट्झवर घेतला, तेव्हा त्यांना मिळाले ते चार पसरट टेकाड. गर्दीच्या बाजारात दुरून नुसता कल्लोळ ऐकू यावा, तसे. शिवाय आवाज अतिशय क्षीण. चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रे दोन गटांत विभागली जातात आणि संकेत येतो तो या दोन गटांच्या संख्येतील फरकामुळे. ५०० मेगाहर्ट्झच्या आजच्या संचातही दहा लाख अणुकेंद्रांमागे हा फरक चाळीसच्या आसपास भरतो. १९५७ च्या चुंबकात तो तीनच्या आसपास होता. बाकीची अणुकेंद्रे एकमेकांचा आवाज खोडून टाकतात.

या आकड्याला जोडूनच दुसरा एक आकडा ध्यानात घ्यावा, कारण गाद्या विकणाऱ्यांच्या दाव्याचे उत्तर त्यात आहे. ५०० मेगाहर्ट्झच्या रेडिओतरंगाचा एक पुंज जेवढी ऊर्जा वाहतो, ती शरीराच्या उबेने रेणूंना मिळणाऱ्या सरासरी धक्क्याच्या दहा-बारा हजारांश एवढी असते. प्रथिन सतत अशा धक्क्यांत वावरत असते. त्यात रेडिओतरंगाच्या एका पुंजाने त्याची घडी मोडणे वा बदलणे संभवत नाही. रेडिओतरंग फार तीव्र असतील तर ऊतके तापतील, तो वेगळा विषय, पण ती शेक झाली, आज्ञा नव्हे. अनुस्पंदनाचे सामर्थ्य या दुबळेपणातच आहे. प्रथिनाला न दुखावता, त्याच्या घडीला न हात लावता, त्याच्या अंतरंगात कोण कोणाच्या शेजारी बसले आहे ते विचारता येते. आणि गादीतल्या चुंबकाने तर हा प्रश्नसुद्धा विचारता येत नाही. त्यासाठी लागणारे क्षेत्र त्याच्याजवळ नाही, आणि उत्तर टिपणारा कानही नाही.

कान तयार होण्याच्या दोन पायऱ्या झाल्या. पहिली १९६६ सालची. रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी एकेक वारंवारता तपासत बसण्याऐवजी सगळ्या हायड्रोजनना एकाच क्षणी रेडिओतरंगाचा ठोका दिला, सगळ्यांचे एकत्र उत्तर नोंदवले, आणि गणिताने त्यातील सूर वेगळे केले. देवळातील घंटांच्या रांगेवर एकदम हात फिरवावा आणि त्या नादातून प्रत्येक घंटेचा स्वर ओळखावा, तसा हा प्रकार. ठोके हजारदा देऊन उत्तरांची बेरीज करता येऊ लागल्याने क्षीण आवाजही उभा राहिला.

दुसरी पायरी अधिक कल्पक आहे. १९७१ साली युगोस्लाव्हियातील बास्को पोल्ये येथे भरलेल्या उन्हाळी वर्गात बेल्जियमचे जाँ जीनर यांनी असे सुचवले की एक ठोका देऊन थांबावे, मग दुसरा द्यावा, आणि मधला अवधी प्रत्येक वेळी बदलत न्यावा. म्हणजे उत्तर एका रेषेवर न मिळता एका पटावर मिळेल. त्या पटाच्या कर्णावर प्रत्येक हायड्रोजन आपापल्या जागी दिसेल, आणि कर्णाबाहेरचा प्रत्येक ठिपका दोन हायड्रोजनांचे नाते सांगेल. जीनर यांनी हे छापले नाही. त्यांच्या व्याख्यानाची टिपणे हातोहात फिरत राहिली आणि अर्न्स्ट यांनी झुरिचमध्ये ती कल्पना प्रत्यक्षात आणली.

येथे अंबाजोगाईच्या पासोडीची आठवण होते. दासोपंतांनी चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद अशा कापडावर पंचीकरण मांडले. पाच महाभूते एकमेकांत कशी मिसळून स्थूल देह होतो याचा हा विचार आहे. त्यात प्रत्येक स्थूल भूतात अर्धा वाटा स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश, असा हिशेब असतो. ओव्यांबरोबर पासोडीवर आकृत्याही आहेत. ग्रंथ पानांमागून पान असा पुढे जातो, पासोडी मात्र पसरून पाहायची असते. कोणता भाग कशाशी जोडलेला आहे हे तिच्यात जागेवरून कळते. दासोपंतांना अनुस्पंदन ठाऊक होते असे कोणी यावरून म्हणू लागल्यास त्याच्यापुढे हात जोडावेत. ‘आमच्याकडे सारे होतेच’ या वृत्तीने ना दासोपंत कळतात ना अर्न्स्ट. साम्य एवढेच आहे की, मिश्रणाचे वर्णन करायचे तर ओळ अपुरी पडते आणि पट लागतो, ही अडचण सोळाव्या-सतराव्या शतकात अंबाजोगाईलाही जाणवली होती.

प्रथिनाची पासोडी विणण्यात पुन्हा एक भारतीय नाव अग्रभागी आहे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे अनिल कुमार. १९७५ साली कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी रेडिओसंकेतांपासून वस्तूच्या अंतर्भागाचे चित्र मिळवण्याची जी रीत मांडली, तिचाच पुढे विकसित झालेला प्रकार आजच्या एमआरआय यंत्रांत वापरला जातो. आणि १९८० साली कुमार, अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूथ्रिश यांनी प्रथिनातील हायड्रोजनांच्या निकटतेचा पट कसा मिळवावा हे दाखवले. ज्या दोन हायड्रोजनांत अर्धा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा वीस लाखावा भाग, किंवा त्याहून कमी अंतर असेल त्यांच्यात चुंबकत्वाची देवाणघेवाण होते आणि पटावर ठिपका उमटतो. अमिनो आम्लांच्या साखळीत एकमेकांपासून फार दूर असलेले दोन हायड्रोजन असा ठिपका देत असतील, तर साखळी तेथे वळून परत आली आहे असा त्याचा अर्थ. असे शेकडो ठिपके जुळवत नेले की साखळीची घडी कळते. मुक्कामांमधली अंतरे तेवढी माहीत असताना मुलुखाचा नकाशा काढावा, तसे हे काम आहे.

एमआरआयचा उल्लेख आला तर एक खुलासा आवश्यक आहे. रुग्णालयातील एमआरआय यंत्र प्रथिनांशी बोलत नाही. ते मुख्यतः शरीरातील पाण्याशी आणि चरबीशी बोलते. दोन्हींत हायड्रोजन भरपूर आहे आणि त्यांचे रेणू मोकळेपणाने हलतात. यंत्रात जो ठकठकाट ऐकू येतो तो रेणूंचा नसून विद्युत्प्रवाहाने थरथरणाऱ्या वेटोळ्यांचा असतो.

व्यूथ्रिश यांच्या गटाने १९८४-८५ मध्ये बैलाच्या वीर्यातील ५७ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनाची संपूर्ण घडी सांगितली, तेव्हा तिचे स्वागत संशयाने झाले. प्रथिनांच्या रचना तोवर एकाच मार्गाने मिळत, स्फटिकावर क्ष-किरण टाकून. व्यूथ्रिश यांनी एखाद्या तत्सम प्रथिनाची ज्ञात रचना पाहून आपली बेतली असावी, अशी कुजबुज झाली. मग क्ष-किरणांचे जाणकार रॉबर्ट हूबर यांनी टेंडामिस्टॅट हे ७४ अमिनो आम्लांचे प्रथिन निवडून, दोन्ही प्रयोगशाळांनी एकमेकांना न विचारता त्याची रचना काढावी असा प्रस्ताव ठेवला. १९८६ साली दोन्ही रचना प्रसिद्ध झाल्या आणि त्या मिळत्याजुळत्या निघाल्या. विज्ञानातील वाद असे मिटावेत. अर्न्स्ट यांना १९९१ साली आणि व्यूथ्रिश यांना २००२ साली नोबेल मिळाले.

मुंबईचा गट या काळात स्वस्थ नव्हता. गोविल आणि रामकृष्ण होसूर यांचा जैविक रेणूंच्या रचनेवरील इंग्रजी ग्रंथ १९८२ साली आला. १९८० च्या दशकाच्या आरंभी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने कुलाब्यात ५०० मेगाहर्ट्झचा संच बसला आणि ती राष्ट्रीय सुविधा ठरली. देशातील अन्य संस्थांचे संशोधक आपले नमुने घेऊन तेथे येऊ लागले. द्रव हीलियममध्ये बुडवलेल्या अतिसंवाहक तारांचा हा चुंबक ११.७ टेस्लाचा असतो. त्याला अखंड थंडावा पुरवत राहावे लागते, अन्यथा सारा खर्च वाफेबरोबर उडून जातो. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत हीलियमचा हिशेब येत नाही. तो यायला हवा.

आता या साऱ्याचा बीडच्या माणसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात एचआयव्हीबाधितांना औषधे देणारे केंद्र आहे. शासनाने ही औषधे मोफत देण्यास २००४ च्या एप्रिलमध्ये सुरुवात केली. गोळ्या रोज आणि न चुकता घ्याव्या लागतात, नाहीतर विषाणू त्यांना सरावतो. सहा-सहा महिने ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या जिल्ह्यात हे पथ्य किती अवघड आहे हे सांगायला नको. पहिल्या टप्प्याच्या गोळ्या निकामी झाल्या की दुसऱ्या टप्प्याच्या लागतात. सरकारी योजनेत त्या २००८ साली प्रथम मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईनजीकच्या तांबरम येथे मिळू लागल्या. त्यांतील मुख्य औषध ज्या प्रथिनाला रोखते त्याचे नाव एचआयव्ही प्रोटिएज.

विषाणू आपली प्रथिने सुटीसुटी तयार करत नाही. लांबलचक पट्टी तयार करतो आणि प्रोटिएज ही कात्री ती योग्य जागी कापते. कात्री ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांची असते. मध्ये खोबण, आणि खोबणीवर दोन झडपा. औषधाचा रेणू खोबणीत अडकला की कात्री चालत नाही. तिची क्ष-किरण रचना १९८९ साली मिळाली आणि त्या आधारे औषधे घडवली गेली. पहिले औषध १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले. पण विषाणू कात्रीचे एखादे अमिनो आम्ल बदलतो आणि औषध निसटते. कधीकधी हा बदल खोबणीपासून दूरवर असतो, तरीही औषध निसटते. स्थिर चित्रावरून याचा उलगडा होत नाही. झडपा कशा हलतात, साखळी कोठे सैल आहे, घडी कशी बसते आणि कशी मोडते, हे विचारावे लागते.

मुंबईत हे प्रथिन दोन ठिकाणी हाताळले जात होते आणि गमतीचा भाग असा की दोन्हीकडे आडनाव एकच. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर आणि त्यांचे सहकारी त्याचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी पाहत होते. दोन्ही साखळ्या एका छोट्या दुव्याने जोडून त्यांनी एकसंध कात्री तयार केली होती. कुलाब्यात आर. व्ही. होसूर आणि त्यांचे विद्यार्थी तीच जोडकात्री द्रावणात ठेवून रेडिओतरंगांनी ऐकत होते. २००० साली ‘करंट सायन्स’मध्ये दोन्ही होसूर एकाच निबंधाचे सहलेखक होते. एकाचे माध्यम मिलिमीटरच्या कोट्यंशाएवढ्या तरंगलांबीचे, दुसऱ्याचे हातभर लांबीचे. दोन्ही विद्युच्चुंबकीय तरंगच. पहिल्याने आकृती दिसते, दुसऱ्याने हालचाल ऐकू येते.

कुलाब्याच्या गटाने मग एक अवघड गोष्ट हाती घेतली. कात्रीची घडी रसायनाने पूर्ण उसवायची आणि त्या सैल साखळीत घडीची बीजे कोठे शिल्लक आहेत ते पाहायचे. घडी मोडलेल्या प्रथिनात सगळे हायड्रोजन जवळपास सारख्याच परिस्थितीत येतात, त्यामुळे त्यांचे संकेत एकमेकांवर चढतात आणि पुन्हा १९५७ सालच्या कल्लोळासारखी स्थिती होते. नायट्रोजनचे संकेत मात्र तेव्हाही बऱ्यापैकी वेगळे राहतात. होसूर यांच्या गटाने २००१ साली एक रीत प्रसिद्ध केली. तीत एका अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवरून शेजारच्या नायट्रोजनवर असे पाऊल टाकत साखळीभर चालत जाता येते. ‘एचएनएन’ या रुक्ष नावाने ती जगभरच्या अनुस्पंदन प्रयोगशाळांत ओळखली जाते. या कामातून कोणती गोळी बाजारात आली नाही, आणि तसा दावा कोणी केलाही नाही. कात्रीची घडीच बसू नये असे औषध करता येईल का, हा विचार मात्र घडीच्या बीजांवाचून पुढे जात नाही. होसूर यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. त्या बातम्यांत मराठी वृत्तपत्रांनी या रीतीचे नाव छापले असते तर बरे झाले असते.

हे सारे झाले ते काचेच्या नळीतल्या प्रथिनाशी. देहातल्या प्रथिनाशी बोलण्याचे काय? २००१ साली फोल्कर डॉट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत जिवाणूंच्या आत असलेल्या प्रथिनाचा वर्णपट घेतला. २००९ साली जपानी गटांनी तोच प्रयोग माणसाच्या पेशींपर्यंत नेला. पेशी नळीत, नळी चुंबकात. पेशीचा अंतर्भाग इतका दाटीवाटीचा आहे की प्रथिन तेथे सावकाश गिरक्या घेते, आणि गिरकी सावकाश झाली की संकेत पसरट होतो. शिवाय पेशी जिवंत ठेवायच्या तर वेळ मोजका. या अडचणी आजही पुरत्या सुटलेल्या नाहीत.

आज्ञेची गोष्ट करायची तर ती रेडिओची नव्हे, दृश्य प्रकाशाची. प्रकाशाच्या एका पुंजाची ऊर्जा रेडिओपुंजाच्या लाखो पट असते. आपल्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू कुशीत धरून बसलेले असते. प्रकाशपुंज लागताच तो रेणू सरळ होतो आणि प्रथिनाला आपली घडी बदलावीच लागते. जॉर्ज वॉल्ड यांना या शोधासाठी १९६७ चे नोबेल मिळाले. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो तो यामुळेच. शैवालातील अशाच एका प्रकाशग्राही प्रथिनाचे जनुक अंधत्व आलेल्या एका रुग्णाच्या दृष्टिपटलात पोचवून, खास चष्म्यातून प्रकाश सोडून, त्याला टेबलावरच्या वस्तू हाताने शोधता येतील इतकी दृष्टी परत मिळाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आज्ञा ऐकायला तेथे आधी आज्ञाधारक प्रथिन नेऊन बसवावे लागले, हे विसरता येत नाही.

या दोहोंच्या मध्ये, सेकंदाला लाख कोटी आंदोलनांच्या आसपास, टेराहर्ट्झचा पट्टा आहे. प्रथिनाची घडी अखंडपणे जी लय धरून हलते ती या पट्ट्यात येते. तेव्हा त्याच लयीचे तरंग सोडून प्रथिनाला एका आकारातून दुसऱ्यात ढकलता येईल, असे प्रस्ताव गेल्या दशकात विद्युत् अभियंत्यांनी मांडले आहेत. आडवे येते ते पाणी. पाणी हे तरंग इतक्या जोराने शोषते की ओल्या ऊतकात ते मिलिमीटरभरही खोल जात नाहीत. म्हणून प्रथिनाएवढ्याच लहान अँटेना देहाच्या आत, प्रथिनाला लगटून ठेवाव्या लागतील, असे हे अभियंते म्हणतात. त्या कशा बनवाव्यात आणि त्यांना ऊर्जा कोठून द्यावी, याचे हिशेब सध्या मुख्यतः संगणकावर चालू आहेत.